इष्टलिंगातला दिवा

ये गं, अशी जवळ सरक. तू पुण्यात आहेस हे मला ठाऊक आहे, तरी सरक. लिहायला बसले की मी तुला समोर बसवूनच घेते, नाहीतर माझा हात चालत नाही. आणि आधी तुझा कान पिळायचा आहे.

परवा मोबाइलवर बाळाचं तोंड दाखवता दाखवता तू काय म्हणालीस? "आजी, तिच्या गळ्यात तो दगड कशाला बांधायचा? तोंडात घातला तर?" दगड! तुझे आजोबा मागं खाटेवर पडून ऐकत होते, ते हसले. मला हसू आलं नाही. तुझा तरी काय दोष म्हणा. तुला कुणी बसवून सांगितलंच नाही. तुझी आई नोकरीला, तू शाळेला, आणि मी आपली भाकरी थापत बोलणार आणि तू कानात वायर घालून बसणार. आज वायर काढ. तोंडात घालायची भीती असेल तर पाळण्याला बांधतात, गळ्यात नाही. ते एवढ्यात मिटलं. बाकीचं मिटत नाही म्हणून लिहिते आहे.

पहिल्यापासून सांगते. अर्धं तुला माहीत असेल, तरी ऐक.

ब्रह्मदेव आणि विष्णू भांडले, मोठा कोण म्हणून, आणि मध्येच उजेडाचा खांब उभा राहिला, ही गोष्ट तू टीव्हीवर बघितली असशील. एक वर गेला, एक खाली गेला, कुणालाच टोक सापडलं नाही. तो खांब म्हणजे शिव. त्याला आई नाही, बाप नाही, जन्मतारीख नाही. माझे वडील अक्कलकोटच्या बाजूचे. घरात कानडी बोलायचे, बाहेर मराठी. ते ही गोष्ट सांगायचे आणि टीव्हीवाले थांबतात तिथं थांबायचे नाहीत. म्हणायचे, देवांना ज्याचं टोक सापडेना, ते माणसाला कुठलं सापडणार? म्हणून मग तो लहान झाला. इतका लहान, की मुठीत मावावा, गळ्यात घालून शेतात जाता यावं.

तेच हे इष्टलिंग. आत दगडच आहे गं, ते तू बरोबर बोललीस. वरून काळा लेप असतो, गुळगुळीत, जांभळासारखा चमकणारा. पण तो बाजारातून आणला म्हणून देव होत नाही. दीक्षा देताना स्वामी डोक्यावर हात ठेवतात, मंत्र सांगतात, आणि तुझ्यात जो शिव आहे तोच बाहेर काढून तुझ्या डाव्या तळहातावर ठेवतात. वडील असंच सांगायचे. म्हणजे तो वरून आला नाही, तुझ्यातूनच आला. म्हणून ज्याचं त्याचं वेगळं. मायलेकरांचं एक नाही, नवराबायकोचंही एक नाही. रोज आंघोळ झाली की तळहातावर घ्यायचं, पाणी, विभूती, एखादं बेलाचं पान, आणि मग नुसतं बघत बसायचं. डोळे मिटायचे नाहीत. समोरचा दिवा त्या काळ्या अंगात दिसतो, त्याच्याकडं बघायचं. बघता बघता एक दिवस बघणारा आणि दिसणारा वेगळे राहत नाहीत, त्यालाच आमच्यात मोक्ष म्हणतात. स्वर्गबिर्ग आमच्याकडं फारसं कुणी बोलत नाही. पिठात पाणी घालून मळलं की पाणी कुठं आहे ते दाखवता येतं का? तसं.

आणि ते अंगावेगळं करायचं नाही. माझ्या आईचा दोरा एकदा ओढ्यावर धुणं धुताना तुटला. घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं, गळा मोकळा आहे. सगळी आळी ओढ्यावर लोटली. आई उंबऱ्याशी बसून राहिली, तोंडात पाण्याचा थेंब घेईना. आम्ही पोरं रडायला लागलो, तरी घेईना. शेवटी ते तिच्याच ओल्या लुगड्याच्या घडीत निघालं. तेव्हा कुठं ती रडली. त्या दिवसापासून माझा हात दिवसातून कितीदा तरी आपोआप गळ्याशी जातो, तू नक्कल करतेस ना माझी, ती त्याचीच.

आमच्यात माणूस मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. जाळत नाहीत. बसवून, डाव्या हातावर त्याचं त्याचं लिंग देऊन मातीत ठेवतात. हे 'त्याचं त्याचं' तेवढं ध्यानात ठेव. माझा जीव त्यातच अडकलाय.

आपल्या गावची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. तुझे आजोबा न्हाणीत पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. तुझ्या आईनं तुला फोनवर "थोडं लागलंय" म्हणून सांगितलं, तुझे दिवस भरत आले होते ना. थोडं नव्हतं लागलं. खुब्यात गोळा बसवायचा होता, आणि त्यांचं हृदय आधीच नाजूक. डॉक्टर पोरसवदा, पण नीट बोलले. म्हणाले, "आजी, हाड जोडणं अवघड नाही. ह्या वयात भूल सोसली पाहिजे." बाकी त्यांनी पुष्कळ सांगितलं, मला एवढंच ऐकू आलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी दवाखान्याच्या खोलीतच पूजा केली. त्यांना उशी लावून थोडं उठवलं, मी कॉटशेजारी स्टुलावर. घरातून निरांजन नेलं होतं, ते सिस्टरनं लावू दिलं नाही, ऑक्सिजन का काय असतो म्हणून. मग खिडकीच्या उजेडातच. पूजा झाली, दोन्ही लिंगं धुऊन एकाच पांढऱ्या फडक्यावर निथळायला ठेवली, शेजारी शेजारी. आमच्या दोघांच्या चांदीच्या डब्या, करडगी म्हणतो आम्ही, त्या उशाशी. रोज घरी असंच ठेवतो. फक्त घरी त्यांचं पाटाच्या उजवीकडं असतं आणि माझं डावीकडं. इथं पाटच नव्हता.

तेवढ्यात स्ट्रेचर आला. दुपारचं ऑपरेशन, पण आधीचा पेशंट रद्द झाला म्हणून ह्यांना आधी घेतलं.

"चला आजोबा, चला. चष्मा काढा, दात असतील तर काढा, गळ्यातलं काढा," सिस्टर म्हणाली.

"गळ्यातलं ठेवून जानार न्हाय," हे उशाशी करडगीकडं बोट करून म्हणाले.

"आजोबा, धातू चालत नाही आत."

"मग धातू काढा की. देव कशाला काढताय?"

सिस्टर हसली. चांगली होती पोरगी. म्हणाली, डबी नको, नुसतं कापडात बांधून दंडाला गुंडाळून देते, वरून पट्टी मारते, डॉक्टरांना मी सांगते. मी घाईघाईनं फडक्यावरचं एक उचललं, लिंगवस्त्रात बांधलं आणि तिच्या हातात दिलं. दुसरं करडगीत घातलं, गळ्यात अडकवलं. माझाही चष्मा डोक्यावर होता. स्ट्रेचर निघाला. दारात त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, त्यांना काही दिसलं नसणार, त्यांचा चष्मा माझ्या पिशवीत होता. म्हणाले, "डबा खाऊन घे." बस्स. एवढी वर्षं संसार केला आणि जाताना म्हणायचं काय, तर डबा खाऊन घे.

ऑपरेशनच्या दाराबाहेर लोखंडी खुर्च्या. तुझा मामा औषधं आणायला खाली गेला. शेजारी एक बाई बसली होती, माझ्याहून थोडी लहान, काळा बुरखा, मूठ घट्ट आवळलेली. तिच्या लेकाचा ट्रकखाली पाय सापडला होता. मूठ उघडून तिनं दाखवलं, लेकाच्या दंडावरचा ताईत होता. "काट के दिए अम्मा. बोले बाद में बांधो." आणि परत मूठ मिटली. आम्ही दोघी सारख्याच, असं मनात म्हणलं आणि मीही करडगी उघडून डाव्या हातावर लिंग घेतलं. म्हणलं, दार उघडेपर्यंत बघत बसू.

माथ्यावर ट्यूबलाइट होती. ती त्यात दिसली. लांबट, ओढलेली.

तुला कसं सांगू. माझ्या लिंगात उजेड गोल दिसतो. निरांजन असो, बल्ब असो, सूर्य असो, ठिपक्यासारखा गोलच. ट्यूबलाइटसुद्धा आखडून ठिपका होते. लहानपणापासून मी तो एकच ठिपका बघत आले. हा ठिपका नव्हता. वर निमुळती होत गेलेली रेघ होती, उभी. बोटानं चाचपलं. एका अंगाला किंचित चपटं. त्यांचं चपटं आहे, मला माहीत आहे, लेप परत लावून आणायला मीच नेलं होतं.

माझं त्यांच्या दंडाला, आणि त्यांचं माझ्या हातात.

उभी राहिले, परत बसले. दारावर लाल दिवा. आत त्यांना उघडलेलं असेल आता, आणि ते ज्याला धरून पडलेत तो त्यांचा नाहीच. त्यांच्यातून काढलेला शिव इथं बाहेर, माझ्या मांडीवर. भूल सोसली नाही तर? आतच काही झालं तर? कुणाशी ऐक्य होणार त्यांचं?

तुझा मामा आला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, दोन्ही सारखीच दिसतात की. कुणाला कळणार आहे?"

ऐक! हाच उद्या मातीत बसवताना आमच्या हातावर लिंग ठेवणार. ह्याला ते सारखं दिसतं! मी म्हणलं, "जा बाबा, तू खाली जाऊन चहा पी." तो बिचारा घाबरलाच होता, म्हणून तसं बोलला, पण त्या वेळी मला त्याचा इतका राग आला!

शेजारच्या बाईनं विचारलं, "क्या हुवा अम्मा? काइकू कांपरे?"

मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, मेरा उनके पास गया, उनका मेरे पास. तिनं माझ्या हातातल्या लिंगाकडं बघितलं, मग दाराकडं. मग म्हणाली, "सिस्टर कू बोलूं क्या? मैं बोलतीऊं, डरती नै मैं."

"क्या बोलेगी?"

"बोलूंगी... अंदर देव बदली हो गया, जरा देखो."

आणि मला हसू फुटलं गं! तिलाही. मी तोंडाला पदर लावून, ती बुरख्याची कड लावून, दोघी हसलो आणि हसता हसता मला रडू आलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, मूठ मिटलेलीच. मुठीचाच हात फिरवत होती पाठीवरून.

मग मी स्वामींना फोन लावला. आपल्या घरचे स्वामी, तुझ्या बारशाला आले होते ते. ते होटगीला एका वास्तुशांतीला गेले होते. मागं स्पीकर, ताटं, पोरं. दुसऱ्या कानात बोट घालून बोलले असतील, इतकं ओरडत होते. मी सगळं सांगितलं.

"अव्वा," स्वामी म्हणाले, "मालक आत हायत ना अजून?"

"हो."

"मग आता दार वाजवू नका. हातात जे हाय, त्याच्याकडं बघत बसा."

"पण ते माझं नाही की!"

"नसू द्या. डोळं मिटू नका. बाकीचं मी बघतो."

"दोष लागेल का हो स्वामी?"

"लागला तर माझ्या नावावर घाला. बसा आता. हितं पंगत बसायली, मला जावं लागतंय."

मी बसले. दुसरं करणार काय? बघत बसले. सुरुवातीला नुसती धाकधूक, दार वाजलं की मान वर. सिस्टर बाहेर आली की उठून उभी राहायची, ती दुसऱ्याच कुणाचं नाव घेऊन हाक मारायची. मग हळूहळू ती रेघ दिसत राहिली. आणि एक गोष्ट लक्षात आली, ती तुला सांगायलाच हवी. लग्न झाल्यापासून आम्ही रोज सकाळी शेजारी शेजारी बसून पूजा करत आलो. बाजारातल्या भुसार दुकानाच्या वर राहायचो तेव्हाही, ह्या घरात आल्यावरही. त्यांची मान झुकलेली, माझी झुकलेली. पण त्यांना त्यांच्या हातात काय दिसतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं. कसं बघणार? ज्याचं त्याचं. मला वाटायचं, सगळ्यांना गोलच दिसत असेल. इतकी वर्षं हा माणूस रोज एका उभ्या रेघेकडं बघत होता, आणि ती टोकाला बारीक होत होत कुठं संपते ते कळतच नव्हतं. मला वडिलांचा तो खांब आठवला. टोक न सापडलेला.

म्हणून मला शांत वाटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. शांत नाही वाटलं. हात कापत होते आणि रेघही कापत होती. पण मी डोळे मिटले नाहीत.

दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, गोळा बसला, पण बीपी फार उतरलं होतं, आजची रात्र आयसीयूत ठेवतो, अजून काही सांगता येत नाही. त्या बाईच्या लेकालाही बाहेर आणलं होतं. ती धावली, जाताना ती मूठच माझ्या खांद्याला लावून गेली. परत भेटली नाही.

आयसीयूत एकाच माणसाला सोडतात, तेही थोडा वेळ. पहिल्यांदा गेले तेव्हा ते गुंगीत होते. दंडावर पट्टी तशीच. काढून बदलावं का? हात पुढं केला आणि मागं घेतला. सगळीकडं नळ्या. आणि ते जागे झाले, मी दंडाशी खटपट करताना दिसले, तर काय सांगू? त्यांचा स्वभाव तुला माहीत नाही. नेमाचे फार कडक. एकदा प्रवासात पूजा चुकली म्हणून दिवसभर जेवले नव्हते. ह्या अवस्थेत त्यांना धक्का बसला म्हणजे? आणि न सांगावं तर, आणि रात्रीत काही झालं तर? दोन्हीकडून माझीच मान अडकलेली. मी काही न करता बाहेर आले. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

सकाळी सिस्टरनं बोलावलं. "आजोबा ऐकेनात. पूजा केल्याशिवाय चहा घेत नाही म्हणतात."

मी गेले. ते थोडे तिरके बसलेले, चेहरा कागदासारखा. सिस्टरनं पट्टी सोडून दिली होती. मी चष्मा पुसून त्यांच्या डोळ्यावर लावला. त्यांनी वस्त्र उलगडलं, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. वर दवाखान्याचा गोल दिवा होता, त्यांना वाटेल गोल दिवा म्हणून गोल दिसतोय, कळणार नाही, असा एक वेडा विचारही येऊन गेला.

ते बघत राहिले. अंगठा एकदा कडेवरून फिरवला. मग परत बघत राहिले. मग मान न उचलता कानडीत म्हणाले, "इदु निंदु." हे तुझं.

मी नुसती मान हलवली.

"तरीच," म्हणाले.

"तरीच काय?"

"तरीच काल दिवसभर कोन तरी कानाशी बडबड करत होतं. मी म्हनलं, आपला देव तर असा बोलत न्हाय."

मी तिथंच, त्या सगळ्या यंत्रांच्या टींटींमध्ये, त्यांच्या चादरीवर डोकं ठेवून रडले. सिस्टर धावत आली, काय झालं म्हणून. हे तिला म्हणाले, "काय न्हाय. हिला सवय हाय." मी करडगी काढली, त्यांचं त्यांच्यापुढं धरलं, म्हणलं घ्या, आधी हे घ्या. त्यांनी घेतलं नाही. "असं घेता येतंय व्हय? स्वामींना इचारायला पायजे. त्यांच्या हातानं होऊ दे." आणि माझंच लिंग वस्त्रात बांधून दंडाला लावून घेतलं, आणि चहा मागितला.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी एवढं लिहिलं.

हे अजून तसंच आहे. त्यांचं माझ्या गळ्यात, माझं त्यांच्या. घरी आलो, तू बाळंत झालीस, स्वामी दोनदा भेटूनही गेले. प्रत्येक वेळी हे म्हणतात, "नातीचं बाळ येऊ दे. तिच्या लिंगधारणेच्या दिवशी आमचंबी उरकून टाका, स्वामी. एकाच पूजेत होतंय." स्वामीही मान हलवतात. मला वाटतं, ह्यांना ते परत द्यायचंच नाही. सकाळी गोल दिव्याकडं बघताना ओठांच्या कडेला हसू असतं, मी चोरून बघते. "बोलतंय का अजून?" विचारलं तर म्हणतात, "बंद कुटं होतंय?"

आणि माझं काय विचारशील, तर मलाही त्या रेघेची सवय व्हायला लागली आहे. तेच मला भिववतं. वॉकर धरून चालताना ते दमतात. दुपारी झोपले की मी दारातून त्यांची छाती हलते का बघते. समजा उद्या काही झालं, तर तुझ्या मामाला मी काय सांगू, कुणाच्या हातावर कुणाचं ठेव? एकदा न राहवून त्यांना विचारलंच. म्हणाले, "मी तुझ्यात गेलो तर जागा हाय का बघ आधी. सगळीकडं भांडी भरून ठेवलीस." असा माणूस! त्याच्यापुढं भीती बोलून दाखवायचीही सोय नाही. मग तुला लिहिते.

पिठातलं पाणी दाखवता येत नाही, हे मीच तुला वर सांगितलं. हे मला समजतं गं, पण हात गळ्याशी जातो तो जातोच.

म्हणून ये. लवकर ये. इंद्रायणीनं सकाळी निघालीस तर दुपारच्या जेवणाला इथं पोचशील. बाळाला टोपडं घाल, हवा लागते गाडीत. तिच्यासाठी लिंग आणून ठेवलंय, इतकं लहान, की तुझ्या अंगठीत बसेल. स्वामींना मी फक्त दिवस सांगायचा आहे, आणि तो दिवस तुझ्या हातात आहे. फोनवर "बघते आजी" म्हणू नकोस. तुझ्या "बघते"ला किती दिवस लागतात मला माहीत आहे, आणि इथं आमच्या दोघांत मिळून किती आहेत ते मला माहीत नाही. शेंगदाण्याची चटणी करून ठेवते. ये.